मॉरिशस बेटावरील प्रदेशनिष्ठ वनस्पती : त्यांचा गोतावळा व त्यांचे रक्षण

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी ट्रस्टच्या कार्याचा गौरव करणारी भाषणे आपण ऐकलीतच. आम्हांला चालकांनी सांगितले की, एखादे व्याख्यान ज्ञानाच्या विषयावरही व्हावे, आणि ते शाळेतल्या मुलांपासून आजीपर्यंत सर्वांना समजावे. आम्ही पडलो शिक्षक. फळ्याशिवाय बोलायचे म्हणजे आम्हांला जरा अवघडच जाते. तरीही विषय असा निवडला आहे की, त्याचा एक नमुना आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

बेळगावच्या नव्या वसाहतींतून फेरफटका मारला तर एखाद्या बंगल्याच्या फाटकाशी एक बुटके ताडासारखे झाड दिसते. बुंधा खाली फुगलेला, वर निमुळता होत गेलेला, आणि माथ्यावर मोजक्या चार-सहा झावळ्या. बाटलीसारखा आकार म्हणून त्याला बॉटल पाम म्हणतात. रोपवाटिकेत पैसे मोजले की ते मिळते. मुंबईत आहे, पणजीत आहे, सिंगापुरात आहे. परंतु हे झाड मूळचे कोठले, असा प्रश्न त्याला पाणी घालणाऱ्या माळ्यालाही पडत नाही. त्याचे माहेर म्हणजे मॉरिशसच्या उत्तरेस सुमारे बावीस किलोमीटरांवर समुद्रात उभा असलेला एक खडक. त्याचे नाव राउंड आयलंड. क्षेत्रफळ जेमतेम दोन चौरस किलोमीटर. एक काळ असा आला की, जगभरच्या बागांत ही झाडे हजारांनी वाढत होती आणि त्या माहेरी मात्र पूर्ण वाढलेली झाडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. हे असे का झाले, आणि त्यावर तेथील लोकांनी काय केले, हे सांगावे असा आमचा आजचा हेतू आहे.

प्रथम एक शब्द समजून घेऊ. जी वनस्पती जगात एकाच प्रदेशात आपोआप उगवते, अन्यत्र कोठेही रानात सापडत नाही, तिला प्रदेशनिष्ठ वनस्पती म्हणतात. आंबा प्रदेशनिष्ठ नव्हे, बाभूळही नव्हे. परंतु बेटांवर अशा वनस्पती फार असतात, आणि त्याचे कारण सोपे आहे. मॉरिशस हे ज्वालामुखीतून सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी समुद्रावर आलेले बेट. मादागास्करच्या पूर्वेस ते आठशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. ते वर आले तेव्हा तेथे गवताची काडीही नव्हती. पुढे वाऱ्याबरोबर, समुद्राच्या प्रवाहाबरोबर, पक्ष्यांच्या पोटातून एखादे बी कधीमधी येऊन पडे. आलेले बी रुजले तर त्याला परत जाण्याची वाट नव्हती. माहेरच्या झाडांशी संबंध तुटला, आणि हजारो पिढ्यांनंतर त्याचे रूप असे काही वेगळे झाले की ती जातच निराळी झाली.

अशा रीतीने मॉरिशसवर फुलझाडांच्या सुमारे सातशे मूळच्या जाती झाल्या. त्यांपैकी सुमारे पावणेतीनशे जाती केवळ मॉरिशसमध्येच आहेत. आणखी दीडशेच्या आसपास जाती रियुनियन, रॉड्रिग्ज व मॉरिशस या तीन शेजारी बेटांपलीकडे कोठेही नाहीत. बेटाचा आकार पाहा. अवघे सुमारे अठराशे पासष्ट चौरस किलोमीटर. आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या कोपऱ्यात ते मावेल.

आता या वनस्पती बेटावर सर्वत्र सारख्या पसरल्या असतील, असे आपणांस वाटेल. तसे नाही. आपल्याकडे घाटमाथ्यावर धो धो पाऊस आणि तीस-चाळीस मैलांवर कोरडे माळ, हे आपण रोज पाहतो. मॉरिशसलाही तसाच प्रकार आहे. पश्चिम किनाऱ्यावर पाऊस बेताचा. मधल्या पठारावर त्याच्या तिपटी-चौपटीने. म्हणून किनाऱ्यालगत ताडवर्गी झाडांचे विरळ रान असे. त्याच्या आत कोरड्या सखल भागात आबनुसाचे रान. आबनूस म्हणजे आपल्या टेंभुर्णीचा सख्खा चुलतभाऊ. ज्या टेंभुर्णीच्या पानांच्या विड्या होतात तिच्याच कुळातला. त्याहून वर, मधल्या पठारावर, दमट दाट अरण्य. त्यात बकुळ आणि चिकू यांच्या घराण्यातले मोठमोठे वृक्ष. पेत्रँ नावाच्या पठारी भागात पाणथळ जमिनीवर केवड्याच्या जातीची झाडे. आणि माँ कोकोतसारख्या शिखरांवर ढगांत भिजलेले, शेवाळाने मढलेले खुरटे जंगल. शिवाय कित्येक झाडे एकाच डोंगराची रहिवासी. देशाचे राष्ट्रीय फूल म्हणून १९९२ साली ज्याची निवड झाली ते त्रोशेशियाचे तांबडे, घंटेसारखे फूल नैऋत्य टोकाला असलेल्या ल मोर्न या एकाच डोंगराच्या कड्यावर रानात उगवते. तेथील लोक त्याला आपल्या भाषेत कानातले डूल म्हणतात.

एका डोंगरावर एक जात, दुसऱ्यावर दुसरी. याचा अर्थ असा की, एखादा डोंगर उघडा झाला तर त्या जातीला दुसरा आसरा नाही.

आणि डोंगर उघडे झाले. इ. स. १५९८ मध्ये डच लोक या बेटावर उतरले. त्यापूर्वी तेथे माणसाची वस्ती नव्हती. वटवाघळांखेरीज मूळचा सस्तन प्राणीही नव्हता. डचांनी आबनूस तोडून युरोपात नेला. त्यांच्या काळातच डोडो हा न उडणारा पक्षी नाहीसा झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. डोडोचे नाव जगाच्या तोंडी राहिले. त्याच्याबरोबर गेलेल्या झाडांची नावे कोण घेतो? डच गेले, फ्रेंच आले. पिएर प्वाव्र नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १७६९ साली रान राखण्याचे नियम केले होते, हे सांगितले पाहिजे. परंतु १८१० साली इंग्रज आले आणि पुढे साखरेला चांगला बाजार मिळताच उसाने रान गिळून टाकले.

येथे आमच्या कथेत आपली माणसे येतात. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर मॉरिशसला नेण्यात येऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले आणि देशावरले मराठी लोकही होते, हिंदू होते, मुसलमान होते. ज्या शेतांत आज ऊस डोलतो तेथले काळे ज्वालामुखी दगड त्यांनी हातांनी वेचले. शेताच्या मध्यभागी त्या दगडांचे मनोऱ्यासारखे ढीग आजही उभे आहेत. रान तोडण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. त्यांच्या वाट्याला फक्त कुऱ्हाड आणि घाम आला. त्यांचे वंशज आज तेथे मराठी भाषा शाळांतून शिकतात, गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. ब्लॅक रिव्हर भागात मराठी मंडळींची जुनी वस्ती आहे, आणि बेटावरचे उरलेले मोठे रान त्याच भागाच्या डोंगरदऱ्यांत आहे. म्हणून या वनस्पतींची हकीकत आम्हांला अगदीच परकी वाटत नाही.

आज चांगल्या स्थितीतले मूळ रान बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. तेथील तोड आता जवळजवळ थांबली आहे. मग चिंता कसली, असे कोणी विचारील. चिंता ही की, कुऱ्हाड थांबली तरी रान मरत होते. हरणे, डुकरे, उंदीर, माकडे, मोठ्या गोगलगाई हे सगळे प्राणी बाहेरून आणलेले. हरणे १६३९ साली जावाहून आणली. माकडे कच्ची फळे तोडून टाकतात, उंदीर बिया फोडतात, हरणे कोवळी रोपे खुडतात. आणि सर्वांत मोठा शत्रू कोण, तर एक पेरू! त्याला तेथे चिनी पेरू म्हणतात. तो आला ब्राझीलमधून. लहान, तांबडे, आंबटगोड फळ. हंगाम आला की तेथील कुटुंबेच्या कुटुंबे रानात जाऊन ते तोडतात आणि तिखटमीठ लावून खातात. त्या लोकांना आम्ही नावे ठेवणार नाही; आपणही पेरू तसाच खातो. पण हेच झाड मूळच्या रानात शिरले की काठ्यांच्या कुंपणासारखे दाट वाढते. खाली उजेड पोहोचत नाही. जुने वृक्ष उभे असतात, फुलतातही. परंतु त्यांचे एकही रोप वर येत नाही. घरात म्हातारी माणसे आहेत आणि पाळणा मात्र वर्षानुवर्षे हलत नाही, अशा घरासारखी त्या रानाची अवस्था होते.

या अवस्थेचे शेवटचे टोक पाहावयाचे असेल तर क्युरपिप शहराच्या वनस्पती उद्यानात जावे. तेथे एक ताडवर्गी झाड आहे, लोखंडी आधाराच्या सांगाड्यात उभे. आपल्या बॉटल पामचाच तो भाऊबंद, त्याच वंशातला. या जातीचे जगात हे एकच झाड आहे. दुसरे कोणाच्याही नोंदीत नाही. त्याला नरफुले येतात, मादीफुलेही येतात. परंतु दोन्ही वेगवेगळ्या वेळी पक्व होतात, म्हणून आपल्याच परागाने त्याला फळ धरणे जवळजवळ अशक्य. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत त्याच्या बियांतील गर्भ वाढवून पाहिले. इवली रोपे झाली, पण मातीत लावताच ती जगली नाहीत. त्या झाडाला कुंपण आहे, पाणी आहे, देखरेख आहे, पाटी आहे. त्याला नाही ते एकच : आपले माणूस.

मंडळी, आमच्या सगळ्या व्याख्यानाचे सार या एका झाडात आहे. झाड राखणे म्हणजे त्याच्याभोवती गज उभारणे नव्हे. झाडाला गोतावळा लागतो. त्याच्या फुलावर येणारा कोणी लागतो, त्याचे बी नेणारा कोणी लागतो, त्याच्या रोपाला सावली देणारा कोणी लागतो. तो गोतावळा तुटला की एकटे झाड म्हणजे जिवंतपणी केलेले स्मारक. याची दोन उदाहरणे देतो. दोन्ही शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलेली आहेत.

पहिले उदाहरण केवड्याचे. वर सांगितलेल्या त्रोशेशियाची एक बहीण जात पठारावरच्या खुरट्या रानात वाढते. तिच्या फुलात रंगीत मध असतो. मध रंगीत असणे ही फार दुर्मीळ गोष्ट. हा मध चाटायला येते ती मधमाशी नव्हे, तर एक हिरवी, दिवसा हिंडणारी पाल. पालीच्या तोंडाला पराग चिकटतो आणि फळ धरते. आता ही पाल राहते कोठे? तर केवड्याच्या काटेरी, दाट पानांच्या बेचक्यांत, जेथे शत्रूला शिरता येत नाही. मॉरिशसवर केवड्याच्या वीसेक जाती आहेत. तेथील वाक्वा या शहराचे नावही त्याच झाडावरून पडले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, जी त्रोशेशियाची झाडे केवड्याच्या जाळीशेजारी होती त्यांच्याकडे पाली अधिक आल्या आणि त्यांना फळेही अधिक धरली. लांब एकटी उभी असलेली झाडे मागे राहिली. म्हणजे त्रोशेशिया वाचवावयाची तर केवडा राखला पाहिजे. फुलाचे सुख शेजाऱ्याच्या काट्यांवर अवलंबून आहे!

दुसरे उदाहरण कासवाचे. मॉरिशसवर पूर्वी महाकाय कासवांच्या दोन जाती होत्या. खलाशांनी ती मांसासाठी जहाजांवर भरून नेली, आणि ती नामशेष झाली. मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यालगत ईल ओ एग्रेत नावाचे एक चिमुकले बेट आहे, साधारण पासष्ट एकरांचे. तेथे आबनुसाची एक जात अजून तग धरून आहे. १९६५ साली हे बेट राखीव करण्यात आले. तरी तेथे एक चमत्कारिक गोष्ट दिसे. आबनुसाची मोठी फळे पडत ती आईच्या पायाशीच, आणि तेथेच कुजत. त्यांना उचलून नेणारे कोणी उरलेच नव्हते. मग २००० सालापासून आल्डाब्रा बेटावरची महाकाय कासवे आणून तेथे सोडण्यात आली. ती मूळची नव्हेत, परंतु काम तेच करतात. त्यांनी फळे खाल्ली, बेटभर फिरली, आणि त्यांच्या विष्ठेतून बिया जागोजाग पडल्या. २०११ साली संशोधकांनी लिहिले की, कासवाच्या पोटातून गेलेल्या बिया अधिक चांगल्या रुजतात, आणि जेथे आबनुसाची झाडे तुटून गेली होती अशा भागांतही आता रोपांचे पुंजके उभे राहिले आहेत. सख्खे नातलग गेले तेथे मानलेल्या नातलगाने संसार सावरला.

तथापि एक इशारा द्यावासा वाटतो. गोतावळ्याची गोष्ट गोड असते म्हणून ती प्रत्येक वेळी खरी असतेच असे नाही. ताम्बालाकोक नावाच्या, चिकूच्या घराण्यातल्या वृक्षाबद्दल १९७७ साली एका अमेरिकन शास्त्रज्ञाने लिहिले की, या झाडाचे बी डोडोच्या पोटातून गेल्याखेरीज रुजतच नाही; डोडो गेला म्हणून हे झाडही चालले, आणि आता तेराच वृद्ध झाडे उरली आहेत. ही गोष्ट जगभर पसरली. पुढे इतरांनी रान पालथे घातले, तेव्हा झाडे शेकडोंनी निघाली, त्यांत तरुण झाडेही होती, आणि डोडोच्या पोटावाचून बी रुजते असेही दिसले. झाडाचे हाल खरे होते, परंतु ते पेरू, माकडे आणि डुकरे यांनी केले होते. आजाराचे निदान चुकले तर औषध चुकते. म्हणून आधी मोजावे, पाहावे, मग बोलावे.

आता शेजारच्या रॉड्रिग्ज बेटाची हकीकत सांगतो, कारण ती आमच्या व्यवसायाशी संबंधित आहे. हे बेट अवघे एकशेआठ चौरस किलोमीटरांचे. १६९१ ते १६९३ या काळात फ्रान्स्वा लेगा नावाचा एक फ्रेंच निर्वासित तेथे राहिला. त्याच्या वर्णनाप्रमाणे तेव्हा कासवे इतकी दाट असत की त्यांच्या पाठींवरून चालत जाता यावे. पुढे कासवे गेली, रान गेले, शेळ्यामेंढ्या आल्या. कॉफीच्या कुळातली कॅफे मारों म्हणजे रानकॉफी ही वनस्पती तेथून नाहीशी झाली, असेच वनस्पतिशास्त्रज्ञ धरून चालले होते.

१९८० च्या सुमारास तेथील एका शिक्षकाने वर्गात मुलांना बेटाच्या जुन्या वनस्पतींविषयी सांगितले आणि हिंडून शोधायला लावले. एक मुलगा एक फांदी घेऊन आला. ती त्या रानकॉफीची निघाली! रस्त्याच्या जवळ, शेळ्यांनी कुरतडलेले, खुरटलेले असे एकच झुडूप उभे होते. रोज त्याच्या शेजारून माणसे जात-येत होती.

बातमी फुटली आणि झाडावर नवेच संकट आले. त्यात औषधी गुण आहेत असा लोकांचा समज होता. जे तो फांदी तोडून नेऊ लागला. एक कुंपण घातले, ते ओलांडले. दुसरे घातले, तेही ओलांडले. १९८६ साली त्याच्या काही फांद्या विमानाने इंग्लंडमधील क्यू येथील राजोद्यानात नेण्यात आल्या. त्यांतली एक रुजली. तिच्यापासून पुढे आणखी रोपे झाली, पांढरी चांदणीसारखी फुले आली. फळ मात्र येईना. सारी रोपे एकाच झाडाच्या फांद्या. म्हणजे पुन्हा तेच क्युरपिपच्या ताडाचे दुःख. कार्लोस माग्दालेना या उद्यानकर्मीने फुलामागून फूल घेऊन, कधी उष्णता वाढवून, कधी स्त्रीकेसराचे टोक कापून त्यावर पराग ठेवून, शेकडो प्रयत्न केले. २००३ साली फळ धरले, बी मिळाले. बियांपासून झालेली रोपे तोंडवळ्याने आईसारखी नव्हती. त्यांची पाने लांब, अरुंद, तपकिरी. मोठी झाल्यावरच ती हिरवी, रुंद होतात. लहानपणी वाळल्या काटकीसारखे दिसावे आणि कासवाच्या नजरेतून सुटावे, अशी त्या झाडाची युक्ती असावी असे म्हणतात. कासवे गेली, तरी पानांनी आपली सवय सोडलेली नाही. पुढे त्या बियांची संतती रॉड्रिग्जला परत गेली, आणि आज ती वनस्पती एकटी नाही.

आम्ही या हकीकतीकडे वारंवार वळतो. क्यू येथील विद्वत्ता थोर खरीच; पण त्या मुलाने फांदी आणली नसती तर ती विद्वत्ता कशावर चालली असती?

आता रक्षणाचे दैनंदिन काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. ते दिसायला अगदी साधे आहे. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान १९९४ साली जाहीर झाले; क्षेत्र सुमारे साडेसहा हजार हेक्टर. त्यातील निवडक तुकड्यांना कुंपण घालून हरणे आणि डुकरे बाहेर ठेवतात. आत मजूर पेरू आणि इतर उपरे झुडूप मुळासकट काढतात. काढून संपले असे होत नाही. बिया जमिनीत असतात, पक्षी नव्या आणतात, म्हणून पुन्हा पुन्हा काढावे लागते. परंतु जेथे हे नेमाने झाले तेथे मूळच्या वृक्षांना अधिक फुले-फळे आली आणि खाली रोपे दिसू लागली. पाळणा हलला! राउंड आयलंडवर १९७९ साली शेवटच्या शेळ्या आणि १९८६ साली ससे काढून टाकण्यात आले. एवढे होताच बॉटल पामची नवी रोपे खडकांतून वर येऊ लागली. सरकारी खाते आणि १९८४ साली स्थापन झालेले मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन हे हे काम मिळून करतात. रोपवाटिकांत बिया रुजवतात, नोंदी ठेवतात, रोपे परत रानात लावतात.

अशा कामावर एका दिवसात पाणी पडू शकते. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ नावाचे जपानी मालकीचे जहाज ईल ओ एग्रेतच्या जवळच्या प्रवाळखडकावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे एक हजार टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा त्या बेटावरील रोपवाटिकेतली हजारो रोपे होड्यांतून मुख्य बेटावर हलवावी लागली. किनाऱ्यावर तरुण, म्हातारे, बाया, मुले उसाची वाळली चिपाडे पोत्यांत भरून त्यांचे तरते बांध करीत होती. ज्या उसाने रान खाल्ले त्याच उसाचा पाचोळा त्या दिवसांत समुद्र अडवायला कामी आला.

शेवटी एका वादाचा उल्लेख करतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांची घरे फळांच्या व्यापारावर उभी आहेत आणि हा वाद आपणांस लगेच समजेल. मॉरिशसचे मोठे फळखाऊ वटवाघूळ हेही प्रदेशनिष्ठ आहे. रानातल्या मोठ्या बियांच्या कित्येक झाडांचे बी आज तेच एकटे वाहून नेते. मोठे पोपट गेले, डोडो गेला, कासवे गेली, त्या सगळ्यांचे काम त्याच्या गळ्यात पडले आहे. परंतु ते लिची आणि आंबाही खाते. बागाईतदारांनी ओरड केली आणि २०१५ साली सरकारने तीस हजारांहून अधिक वटवाघळे मारली. पुढेही अशा मोहिमा झाल्या. २०१८ साली जागतिक यादीत या प्राण्याला संकटग्रस्त ठरवण्यात आले. बागाईतदाराचे नुकसान खोटे नाही. मोहोरापासून फळापर्यंत पैसा गुंतवून बसलेल्या माणसाला रात्रीत झाड ओरबाडलेले दिसले तर त्याच्या मनाची काय स्थिती होते, हे येथे बसलेल्यांना आम्ही सांगायला नको. परंतु झाडावर जाळी घालता येते, आणि त्यासाठी तेथे सरकारी मदतही मिळते. गेलेले वटवाघूळ मात्र कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही, आणि ते गेले तर उरलेल्या रानाचे बी पुन्हा आईच्या पायाशीच कुजेल. दोन हक्कांचा हा झगडा आहे. त्यात आमचे मत जाळीच्या बाजूला आहे, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

बंधुभगिनींनो, विश्वस्त या शब्दाचा अर्थ येथे समजावण्याची गरज नाही. पन्नास वर्षे आपण दुसऱ्याच्या ठेवीला अमानत समजून सांभाळले. ज्याची मालकी आपली नाही, जे आपल्यानंतर येणाऱ्यांचे आहे, ते कमी होऊ न देता पुढे द्यावयाचे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. मॉरिशसच्या लोकांपुढे आज तीच अमानत आहे. आणि तिचा हिशेब रुपयांत नव्हे तर रोपांत ठेवावा लागतो.

आपल्यापुढेही ती थोड्या प्रमाणात आहेच. येथून चोर्ला घाटाच्या दिशेने गेले की पावसाळ्यात काळ्या-तांबड्या जांभ्या दगडाचे सडे लागतात. चोहोबाजूंनी रान आणि मध्ये उघडा खडक. वनस्पतींच्या दृष्टीने तीही बेटेच. सह्याद्रीच्या अशा सड्यांवरही अन्यत्र न सापडणारी फुले आहेत. तेव्हा ट्रस्टच्या शिष्यवृत्ती समितीला आमची एक नम्र सूचना आहे. दर वर्षी श्रावण-भाद्रपदात शाळेच्या मुलांची एक तुकडी त्या सड्यावर न्यावी. प्रत्येकाच्या हाती एक वही असावी. फूल तोडावयाचे नाही. पाहावयाचे, चित्र काढावयाचे, जागा आणि तारीख लिहावयाची. वह्या ट्रस्टच्या कपाटात जमा कराव्यात. खर्च मोटारभाड्याचा आणि वह्यांचा. तुकडी नेण्याचे काम आम्ही शिक्षक मंडळी अंगावर घ्यायला तयार आहोत.